शिडाच्या बोटीने महासागर ओलांडायचाय? मराठवाड्यातून येणारे प्रश्न

मी मूळचा जालन्याचा. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या शिडाच्या बोटी तपासणं, दुरुस्त करणं आणि जमेल तेव्हा त्यांच्यावर खलाशी म्हणून जाणं, हा माझा धंदा. गावी आलो की प्रश्न सुरू होतात. लातूर, परभणी, बीडकडून फोनही येतात, आणि त्यात तेच ते प्रश्न फिरून येतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय.

समुद्र आपल्यापासून तीन-चारशे किलोमीटर लांब. मराठवाड्यातल्या माणसाने या भानगडीत पडावं का?

बिनधास्त पडावं. लांबच्या प्रवासात वाऱ्याशी झुंजण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ दुरुस्तीत जातो. पंप उघडायचा, वायर शोधायची, डिझेल लाइनने एअर धरली की ती काढायची, गळणारा जॉइंट बसवायचा. विहिरीवरचं इंजिन, ट्रॅक्टर नाहीतर सोलर पंप स्वतः उघडून दुरुस्त केलेला पोरगा बोटीवर चार दिवसांत कामाचा होतो. किनाऱ्यावर वाढलेला पण पाना कधी हातात न धरलेला माणूस महिनाभरानेही प्रवासीच राहतो. हे मी पाहून सांगतोय.

आणि समुद्राशी आपला संबंध नाही असं समजू नका. दोन हजार वर्षांपूर्वी पैठण आणि तेर, म्हणजे तेव्हाचं तगर, इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचा आणि तिथून जहाजांवर चढायचा. एका ग्रीक व्यापाऱ्याने तशी नोंदच करून ठेवली आहे.

शिकायचं कुठे? नाथसागरावर जमेल का?

जायकवाडीचा जलाशय शिडाला उत्तम आहे, पण तो पक्षी अभयारण्यात येतो. वाटेल तेव्हा बोट ढकलून चालत नाही, परवानगी लागते. नांदेड-लातूरकडच्या लोकांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडतं. तिथे हुसेनसागरावर लहान शिडाच्या होड्या, म्हणजे डिंगी, चालवायला व्यवस्थित शिकवतात. छत्रपती संभाजीनगर-जालन्याकडच्यांनी मुंबईचे सेलिंग क्लब बघावेत. गोव्यातही सोय आहे.

डिंगीचा टप्पा टाळू नका. वारा कुठून येतोय हे मानेवर कळायला लागतं ते छोट्या होडीतच. पुढे ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे कोर्स जगभर मानले जातात: कॉम्पिटंट क्रू, डे स्किपर, मग यॉटमास्टर. पण सर्टिफिकेट हातात पडल्याबरोबर महासागर गाठू नका. आधी हिवाळ्यात मुंबई ते गोवा असा किनाऱ्याने प्रवास करा, त्यात दोन-चार रात्री समुद्रावर काढा. कोकण किनाऱ्यावर रात्री जाळी आणि बिनदिव्याच्या होड्या चुकवत जाणं हे खोल समुद्रापेक्षा अवघड आहे, त्यामुळे शाळा चांगली होते.

बोट किती फुटी हवी?

लोकांना वाटतं मोठी म्हणजे सुरक्षित. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'म्हादेई' ५६ फुटी होती. अभिलाष टॉमी २०२२ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जग फिरायच्या शर्यतीत दुसरे आले ती बोट ३६ फुटी, आणि तिने तिन्ही मोठ्या भूशिरांना वळसा घातला. दोन्ही चालतात. फरक पडतो तो खर्चात आणि ताकदीत. शीड जितकं मोठं तितका त्याच्यावरचा ताण वाढतो, आणि विंच, म्हणजे दोरी ओढायचं चक्र, नीट चालत नसेल तेव्हा ते शीड हातांनी आवरायचं असतं.

दोघा-तिघांसाठी ३५ ते ४० फूट पुरेशी. वेगाचं गणितही पाहून घ्या. पाण्यात बुडालेल्या लांबीच्या, फुटांतल्या, वर्गमुळाला १.३४ ने गुणलं की साधारण कमाल वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, येतो. पाण्यात ३० फूट लांबी असेल तर ७.३ नॉट. प्रत्यक्षात सरासरी पाच-साडेपाच धरा, म्हणजे दिवसाला १२० ते १३० सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. मुंबई ते मस्कत साधारण साडेआठशे सागरी मैल, म्हणजे बरा वारा असेल तर आठवडा.

आतून बघताना सोफा, फ्रीज, टीव्ही बघू नका. झोपायची जागा अरुंद आहे का, बोट कलली तरी माणूस त्यातून खाली पडणार नाही ना, धरायला जागोजागी कठडे आहेत का, हे बघा. बंदरात ऐसपैस वाटणारी मोकळी केबिन समुद्रात माणसाला एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर फेकते.

जुनी बोट घेतली तर आधी पैसे कशावर घालायचे?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि विचारतात सगळ्यात कमी लोक. नवीन मालक आधी स्क्रीन घेतो, मग रडार, मग मोठी बॅटरी. माझा क्रम उलटा आहे: पाणी आत येईल अशा जागा, डोलकाठी, सुकाणू. हे तिन्ही पक्कं झाल्याशिवाय इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाची पायरी चढू नये.

बोटीच्या बुडाला मुद्दाम ठेवलेली भोकं असतात: इंजिनाला थंड पाणी घ्यायला, बेसिनचं पाणी सोडायला, संडासाला. प्रत्येकावर एक व्हॉल्व्ह असतो, त्याला सीकॉक म्हणतात. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंची भोक उघडं पडलं तर मिनिटाला सव्वाशे लिटरच्या वर पाणी आत येतं. बाजारात मिळणाऱ्या साध्या बिल्ज पंपाला (बोटीच्या तळातलं पाणी काढणारा पंप) ते उपसताना दम लागतो. म्हणून प्रत्येक सीकॉक खोलून बघा. पितळी असेल तर काढून टाका. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, धातू गुलाबीसर आणि ठिसूळ होतो, आणि एक दिवस दांडा हातात येतो. ब्राँझ किंवा चांगल्या दर्जाच्या कंपोझिटचे बसवा. प्रत्येक पाइपला दोन-दोन क्लिप. प्रत्येक सीकॉकशेजारी त्याच मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा, म्हणजे अंधारात शोधाशोध नको. किलाचे, म्हणजे बुडाखालच्या जड पात्याचे, बोल्ट, बोट कधी खडकावर आदळली होती का, सांध्याला गंजाचे ओघळ आहेत का, हे सगळं बोट पाण्याबाहेर काढूनच कळतं.

मग डोलकाठी. तिला उभी धरणाऱ्या तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर बाहेरून कितीही चकचकीत दिसू द्यात, बदलाच. तार सहसा मधे तुटत नाही, टोकाला तुटते, जिथे ती दाबून बसवलेली असते. खालच्या टोकांत खारं पाणी साचतं, म्हणून भिंग घेऊन आधी तिथे बारीक चीर शोधा. तारा ज्या पट्ट्यांना बांधल्या असतात त्या डेकमधून आत जातात. तिथे डेकच्या जाडीत, जिथे हवा पोहोचत नाही, स्टेनलेस स्टीलही आतून कुरतडलं जातं. पट्टी बाहेर काढल्याशिवाय ते दिसत नाही. काढायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो.

सुकाणूचं म्हणाल तर आपल्या नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'वरून २०१७-१८ मध्ये जग फिरून आल्या, २५४ दिवसांत. वाटेतले थांबे आधी ठरलेले होते. तरी शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि मॉरिशसच्या पोर्ट लुईला न ठरलेला थांबा घ्यावा लागला. तारिणीची निगा उत्तम होती, तरी हे घडलं. सुकाणूचे केबल, पुली, बेअरिंग तपासा आणि आणीबाणीचा दांडा खरोखर बसतो का ते बंदरात लावून बघा. कपाटाच्या तळाशी वर्षानुवर्षं पडलेला दांडा नेमका वेळेला कशाला तरी अडतो. सुकाणू पूर्ण गेलं तर बोट कशी वळवायची याचीही शांत दिवशी तालीम करा. मागे दोरीने बादली किंवा ड्रोग (पाण्यात ओढ देणारी कापडी पिशवी) ओढत, तो डावी-उजवीकडे खेचून बोट वळवता येते. स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्याला तर २०२० पासून ऑर्का मासे येऊन शिडाच्या बोटींची सुकाणूच मोडतात. का मोडतात यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. ऑर्का खरं तर मासा नव्हे, डॉल्फिनच्या कुळातला प्राणी, पण सुकाणू मोडल्यावर त्याने काय फरक पडतो.

वाळूजमध्ये ओळखीचा वर्कशॉपवाला आहे. स्टीलची कामं त्याच्याकडून स्वस्तात होतील का?

होतील, आणि काम सुबकही होईल. पण माल ३१६ ग्रेडचाच वापरायला सांगा आणि बिलावर तसं लिहून घ्या. किचन ट्रॉल्या, रेलिंग, टाक्या यांना सर्रास ३०४ वापरतात. आपल्याकडे ते जन्मभर टिकतं, समुद्रावर काही महिन्यांत तांबूस डाग पडतात आणि मग खड्डे. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते क्लोराइडला जास्त तोंड देतं. वेल्डिंगनंतर पिकलिंग, म्हणजे ॲसिडने सफाई, करून घ्या, नाहीतर वेल्डशेजारी गंज ठरलेला. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टीलचा बोल्ट बसवताना मधे इन्सुलेशन पेस्ट लावा. दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजतं.

शिडं किती न्यायची?

मुख्य शिडाला तीन रीफ, म्हणजे शीड लहान करायचे टप्पे, हवेतच. दोन रीफची बोट किनाऱ्यासाठी. त्याशिवाय गडद नारिंगी रंगाचं वादळी जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड, आणि शक्य असेल तर ट्रायसेल, म्हणजे मुख्य शिडाऐवजी लावायचं छोटं वादळी शीड. शिवणीचा धागा उन्हाने कापडाच्या आधी मरतो. नखाने ओढून तुटला तर सगळ्या शिवणी पुन्हा मारून घ्या. सुई, मेणाचा धागा, चिकटपट्टी, शिवणकामाचा चामडी पंजा सोबत हवा.

महासागरात शीड वाऱ्याने कमी फाटतं आणि घासून जास्त. तीन आठवडे तोच वारा, तीच दोरी, त्याच पुलीवर तीच जागा. म्हणून हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढायचा दोर, रोज दोन-चार इंच सरकवायचा. खलाशी एवढ्यासाठी सकाळी डेकवर एक फेरी मारतो: खाली पडलेली पिन दिसते का, धाग्याचे तुसे कुठे निघालेत.

रात्री बोट कोण चालवतं? नांगर टाकून झोपता येतं का?

हा प्रश्न दरवेळी येतो. महासागर चार-पाच किलोमीटर खोल असतो, नांगर कुठे टाकणार? बोट रात्रंदिवस चालतच राहते.

सुकाणू मात्र माणूस फारसा धरत नाही. विजेवर चालणारा ऑटोपायलट असतो, आणि दुसरा असतो विंडवेन. बोटीच्या मागच्या टोकाला उभं पातं, वाऱ्याची दिशा बदलली की ते कलतं आणि पाण्यातल्या पट्टीमार्फत सुकाणू फिरवतं. वीज शून्य. मला विचाराल तर लांबच्या प्रवासाला विंडवेन आधी, ऑटोपायलट नंतर. ऑटोपायलट बिघडला तर समुद्रात उघडून फार काही करता येत नाही. विंडवेन लोखंड-लाकडाची गोष्ट आहे: टॉमींनी २०२२-२३ च्या शर्यतीत ते मोडल्यावर बोटीतल्या संडासाचं दार कापून त्याला पातं केलं आणि शर्यत पुरी केली.

माणसं पहारा देतात, त्याला वॉच म्हणतात. तिघं असतील तर तीन तास जागं, सहा तास झोप. मालवाहू जहाज क्षितिजावर दिसल्यापासून अंगावर यायला वीस मिनिटंसुद्धा लागत नाहीत, म्हणून वॉचवरचा माणूस फोनमध्ये डोकं घालून बसला तर बाकीच्यांची झोप धोक्यात. एआयएस ट्रान्सपॉन्डर बसवा, त्याने जहाजाला तुम्ही दिसता आणि तुम्हाला जहाज. मच्छिमारांच्या बऱ्याच होड्यांवर ते नसतं, तेव्हा डोळ्यांना सुट्टी नाही.

विजेचं गणित कसं करायचं?

आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहे, गणित तेच. लागते किती, साठते किती, येते किती. ऑटोपायलट, फ्रीज, दिवे, उपकरणं मिळून १२ व्होल्टवर दिवसाला १०० ते १५० अँपिअर-तास सहज जातात. ४०० वॅटचं सोलर चांगल्या उन्हात १०० ते १२० देतं, पण डोलकाठीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी ते झपकन खाली येतं. लेड-ॲसिड बॅटरीची निम्मीच क्षमता वापरायची असते. लिथियम आयर्न फॉस्फेटची ऐंशी टक्के वापरली तरी चालते, पण तिला तिचाच चार्जर आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, हवा. जुन्या अल्टरनेटरला थेट जोडली तर अल्टरनेटर तापून जातो.

इंजिनाला लागणारं डिझेल आधी गाळून घ्या. बंदरात टाकीच्या तळाशी शांत बसलेला गाळ पहिल्याच मोठ्या लाटांत ढवळला जातो आणि फिल्टर चोंदतो, नेमका बंदराच्या तोंडाशी. फिल्टर भरपूर न्या, इम्पेलर (इंजिनाला थंड पाणी ढकलणारं रबरी चक्र) आणि बेल्ट जादा न्या. बाकी एअर काढणं तुम्हाला येतंच.

पाणी किती न्यायचं?

पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी दिवसाला चार लिटर. चौघे, पंचवीस दिवस, म्हणजे ४०० लिटर, वर निम्मं राखीव धरून ६००. ते एका टाकीत ठेवायचं नाही. एक टाकी फुटली किंवा तिच्यात खारं पाणी शिरलं तरी दुसरी शाबूत हवी, आणि काही पाणी सुट्या कॅनमध्ये.

इथे आपला माणूस भाव खाऊन जातो. आठ दिवसांनी येणाऱ्या टँकरवर ज्याचं घर चाललंय, त्याला तांब्याभर पाण्यात आंघोळ शिकवावी लागत नाही. युरोपातल्या खलाशांना नळ बंद करायची सवय लागेपर्यंत पहिली टाकी संपते. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी गोड्या पाण्याचा एक हात. आंघोळही खाऱ्या पाण्याने, शेवटचा लोटा गोडा.

घरचा आरओ समुद्रावर चालेल का, असंही विचारतात. नाही. घरच्या आरओला साठ-ऐंशी पीएसआय दाब पुरतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, ते गाळायला ८०० पीएसआयच्या घरातला दाब लागतो. त्यासाठी वेगळा वॉटरमेकर मिळतो. असला तर चैन, पण तो बंद पडलाय असं धरूनच टाक्या भरायच्या.

खायला काय? भाकरी मिळते का?

मिळते, थापता आली तर. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, नेऊ नका. ज्वारीचं थोडं टिकतं, तरी पहिल्या पंधरवड्यातच संपवा. पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी घरून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्या, कारण तेव्हा कोणालाच शेगडीसमोर उभं राहवत नाही. पुढे तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ, पोहे, गूळ, शेंगदाणे. येसर डब्यात असलं की गरम पाणी आणि फोडणीत आमटी होते. जवस-कारळ्याच्या चटण्या, मेतकूट, सांडगे, कुरडया, वाळवलेली मेथी आणि गवार ही आपल्या आयांनी उन्हाळ्यात करून ठेवलेली सगळी वाळवणं या कामाला अगदी योग्य. परदेशी बोटींवर फ्रीझ-ड्राय पाकिटांवर बख्खळ पैसा जातो, आणि चवीला ती पुठ्ठा.

ताजं हवं तर मटकी. ओल्या फडक्यात मोड आणा, तीन आठवड्यांनीही हिरवं, कुरकुरीत खायला मिळतं. कांदा, बटाटा, लाल भोपळा, कोबी टिकतात. न धुतलेली अंडी फ्रीजशिवाय काही आठवडे राहतात, मात्र दर दोन दिवसांनी उलटी करत राहा. पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर आणू नका, त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात.

कुकर हवाच. झाकण घट्ट बसतं, बोट हेलकावली तरी उकळता भात कोणाच्या मांडीवर येत नाही. शेगडी दोन बाजूंनी टांगलेली, झुलणारी असते. गॅसकडे मात्र गंभीरपणे बघा: एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खिडकीतून जात नाही, बोटीच्या तळात साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात, ज्याच्या तळाला समुद्राकडे भोक आहे अशा, आणि स्वयंपाक झाला की सिलिंडरपाशीच बंद. उपास करणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात संकष्टी-एकादशी सोडावी. रिकाम्या पोटी बोट जास्त लागते, आणि देवालाही ते चालतं.

निघायचं कधी?

जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात नैर्ऋत्य मान्सून. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती उगीच नाही. मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे चक्रीवादळांचे महिने. मे २०२१ चं तौक्ते आणि २०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधलं ओखी आठवा. डिसेंबरअखेर ते मार्च हा आपला काळ. ईशान्य मान्सूनचा वारा मध्यम, आकाश स्वच्छ. मालदीवकडे किंवा ओमानकडे याच दिवसांत जातात.

पुढे युरोपला जायचं तर तांबड्या समुद्राची वाट जवळची, पण २०२३ च्या अखेरीपासून तिथे जहाजांवर हल्ले झालेत आणि सोमालियाच्या बाजूला चाचेगिरीनेही पुन्हा डोकं वर काढलं. मी स्वतः तिकडून कोणाला जा म्हणणार नाही. दक्षिण आफ्रिकेला वळसा घालणारी वाट लांब, आणि तिथे अगुल्हास प्रवाहाविरुद्ध नैर्ऋत्येचा वारा सुटला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. तिथे हवामानाची खिडकी, म्हणजे वाऱ्या-लाटांची उसंत, मिळेपर्यंत बंदरात बसून राहावं लागतं.

पहिला महासागर म्हणून सगळ्यात सोपी वाट अटलांटिकची: कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला, साधारण २,७०० सागरी मैल, तीन आठवडे. नोव्हेंबरअखेर चक्रीवादळांचा मोसम संपतो आणि शाळेच्या भूगोलात शिकलेले व्यापारी वारे पाठीमागून ढकलत राहतात. शेकडो बोटी दरवर्षी त्या सुमाराला निघतात, आणि कित्येकांना खलाशी हवे असतात.

वादळ आलं तर?

लवकर शीड कमी करा. 'रीफ घ्यावा का' असं मनात आलं म्हणजे वेळ झालेली असते. त्यानंतर बोट थोपवून धरणे, म्हणजे हीव्ह-टू, किंवा मागे ड्रोग सोडून वाऱ्याबरोबर धावणे. दोन्हींचा सराव मध्यम वाऱ्यात आधीच करून ठेवा. वादळात पुस्तक उघडून काही होत नाही.

मला पोहता येत नाही. चालेल का?

शिका. विहिरीत पोहणारे आपल्याकडे कमी नाहीत, कोणीही शिकवेल. पण खरं सांगायचं तर महासागरात पडल्यावर पोहण्याचा उपयोग थोडा. सहा नॉटने जाणारी बोट मिनिटाला १८५ मीटर पुढे जाते, आणि लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढंही दिसत नाही. पडायचंच नाही, हा एकच इलाज. डेकवर पुढून मागे पट्टा ताणलेला असतो, त्याला जॅकलाइन म्हणतात. अंगात हार्नेस, त्याचा हूक जॅकलाइनला. रात्री आणि एकटं असताना हूक लावल्याशिवाय केबिनच्या बाहेर पाय नाही. पुरुष मंडळींनी डेकच्या काठाला उभं राहून लघवी करायची सवय किनाऱ्यावरच सोडून यावी. खाली संडास आहे, बसून करा.

लाईफराफ्ट घेतला की झालं ना?

लाईफराफ्ट, म्हणजे फुगणारा तराफा, हा शेवटचा उपाय. बोट तरंगतेय तोवर बोट सोडू नये. राफ्ट घ्या, ठरल्या मुदतीत सर्व्हिस करून घ्या, पण त्याआधी ईपर्ब घ्या. हे यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देतं, निदान ४८ तास. ते बोटीच्या नावाने, घरच्यांच्या फोन नंबरासह नोंदवलेलं असलं पाहिजे. नोंदणी नसलेला ईपर्ब वाजला तर तो कोणाचा हे शोधण्यातच वेळ जातो.

२०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात टॉमींची बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. त्यांना बिछान्यावरून उठताही येत नव्हतं. मजकूर पाठवणारं एक छोटं यंत्र हाताशी होतं म्हणून निरोप गेला, नौदलाच्या विमानाने बोट शोधली आणि फ्रान्सच्या एका गस्ती जहाजाने त्यांना उचललं. यातून एक कामाची गोष्ट घ्या: संकटाची पिशवी जिन्याखाली छान बांधून ठेवू नका. झोपल्या जागेवरून, एका हाताने मिळाली पाहिजे.

सॅटेलाइट फोन इथूनच घेऊन जाऊ का?

थांबा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे. संदेश पाठवणाऱ्या खिशातल्या उपग्रह यंत्रांवरूनही विमानतळांवर परदेशी पर्यटकांना पकडलंय. परदेशात बोटीवर जाणार असाल तर यंत्र तिथेच बोटीवर राहू द्या, बॅगेतून घरी आणू नका. भारतातून बोट नेणार असाल तर आधी लेखी परवानगी. व्हीएचएफ रेडिओलाही परवाना लागतो. त्याचा पल्ला नजरेइतकाच, दुसरी बोट दहा-पंधरा मैलांवर असली तर ऐकू येतं. हॅम, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा मात्र जरूर द्या, ती घरबसल्या अभ्यासाने होते.

बोट लागणं, आजारपण?

बोट जवळपास सगळ्यांना लागते, दोन-तीन दिवसांत बहुतेकांची उतरते. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, ती पोटात राहतच नाही. निघण्याच्या आदल्या रात्रीपासून घ्यावी लागते. कोणती, ते आपल्या डॉक्टरांना विचारा आणि जमिनीवर एकदा घेऊन बघा, काहींना फार झोप येते. निघण्याआधी दात दाखवा. दाढ समुद्रावर दुखायला लागली की कप्तानसुद्धा लहान लेकरासारखा होतो. रोममध्ये सीआयआरएम नावाची संस्था कुठल्याही देशाच्या जहाजाला रेडिओ-उपग्रहावरून फुकट वैद्यकीय सल्ला देते. तिचा पत्ता औषधाच्या पेटीच्या झाकणावर चिकटवा.

खर्च किती?

बोटीच्या किमतीएवढाच विचार तिच्या तयारीचा करा. तीस लाखांची बोट घेणार असाल तर तिच्यावर आणखी दहा लाख घालायची तयारी हवी. पुढे दरवर्षी किमतीच्या दहा टक्के देखभालीला जातात, हा जुना अंदाज आजही खोटा ठरत नाही. शेत विकून बोट घेऊ नका. हे मी तोंडावर सांगतो, आणि काही जण नाराज होतात. आधी दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून एक महासागर करा. जेवणाखाण्याचा वाटा, विमानाचं तिकीट, व्हिसा आणि विमा एवढ्यात होतं. आपल्या पासपोर्टला व्हिसा फार ठिकाणी लागतो, त्यामुळे त्याची तयारी बोटीच्या तयारीइतकीच आधी.

आमचा मुलगा चाललाय. आम्ही परभणीला बसून काय करायचं?

त्याच्याकडून एक कागद लिहून घ्या, काकू. बोटीचं नाव, रंग, झेंडा, एमएमएसआय नंबर (बोटीच्या रेडिओचा ओळख क्रमांक), माणसं किती, निघणार कुठून, पोहोचणार कुठे, आणि पोहोचण्याची तारीख एक नव्हे तर दोन: लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा. वारा पडला की आठवडाभर उशीर होतो, ते नेहमीचं आहे. नकाशावरचा ठिपका हलायचा थांबला म्हणजे बोट बुडाली असं नसतं, बहुतेक वेळा यंत्राची बॅटरी गेलेली असते. दोन दिवस थांबा, गल्लीत सांगत फिरू नका.

उशिराची तारीखही उलटली, किंवा ईपर्ब वाजल्याचा फोन आला, तर आधी कप्तानाच्या घरी फोन करा. भारताच्या समुद्रातली गोष्ट असेल तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. बाहेरच्या समुद्रातली असली तरी त्यांच्या मुंबईच्या बचाव समन्वय केंद्राला कळवा, ते त्या-त्या देशाच्या केंद्राशी बोलतात. फोनवर तो कागद समोर ठेवून वाचून दाखवा. आणि ज्याचा नंबर ईपर्बला दिलाय, त्याने तो मोबाइल रात्री सायलेंटवर टाकायचा नाही.